टाचण्या काढल्यावर

भाऊ : ताई, ते शिलाई मशीन जरा थांबव. त्या साइटवर लोक तुझ्या लेखांना मतं देतात, मतांची नाणी होतात आणि नाण्याचा भाव परवापासून चढतोय. कळतंय का तुला?

ताई : चढू दे की. मी कुठे त्याचा पाय धरून ठेवलाय?

भाऊ : अगं, पण तू लिहितेस काय, तर ‘काजं जरा सैल का ठेवावीत’. तिथे लोक श्रीमंत कसं व्हायचं ते वाचायला येतात.

ताई : ते मला कुठून माहीत असणार? मी नुसते खिसे शिवते. भरतात ते दुसरेच.

भाऊ : तुला खातं उघडून दिलं ते चार पैसे सुटावेत म्हणून.

ताई : तू त्यासाठी दिलंस. मी लिहिते ते माझ्या तोंडात टाचण्या असतात म्हणून.

भाऊ : म्हणजे?

ताई : म्हणजे गिऱ्हाईक मापाला हात पसरून उभं राहतं आणि बोलायला लागतं. नवरा, सून, गुडघे, सगळं. माझं तोंड टाचण्यांनी भरलेलं. ‘हं’च्या पुढे काही निघत नाही. संध्याकाळी टाचण्या काढल्या की दिवसभराची उत्तरं घशाशी येतात. ती सांगायची कुणाला? तू येतोस तो मोबाइलमध्ये डोकं घालून.

भाऊ : मोबाइलमध्ये मी तुझीच मतं बघत असतो.

ताई : तेच म्हणते मी.

भाऊ : बरं, ते राहू दे. त्या निळ्या ड्रेसवाल्या बाईंवर कशाला लिहिलंस? स्वतःच्याच मुलीच्या लग्नाचं बोलावणं नाही, तरी लग्नासाठी ड्रेस शिवून घेतायत, असं?

ताई : नाव कुठे लिहिलंय?

भाऊ : ‘डावा खांदा उतरता’ असं लिहिलंयस.

ताई : तुझाही उतरताच आहे.

भाऊ : मला कुणी ओळखलं नाही. त्यांना शेजारच्या औषधवाल्यानं ओळखलं आणि लगेच लेख नेऊन दाखवला. आता त्या दुकानात येऊन तमाशा करतील. काढून टाक तो लेख.

ताई : निघत नाही. तूच सांगितलंस, तिथे एकदा लिहिलं की कुणाच्या बापाला पुसता येत नाही.

भाऊ : तेव्हा मी ते कौतुकानं सांगत होतो.

ताई : आणि त्या येऊन गेल्या. आज सकाळी.

भाऊ : हे तू आत्ता सांगतेस? काय म्हणाल्या?

ताई : आधी चांगल्या चिडल्या. बरोबरच होतं, मी त्यांना विचारायला हवं होतं. मग बसल्या. म्हणाल्या, ‘शेवटची ओळ तुम्ही मनापासून लिहिलीत का?’

भाऊ : कुठली ओळ?

ताई : तू वाचलास ना लेख?

भाऊ : मी... मतं बघितली.

ताई : ‘बोलावलं नसलं तरी जा, बाई. मागे उभ्या राहा, पण जा.’

भाऊ : मग?

ताई : ती वाचूनच गेल्या होत्या. कालच होतं लग्न. पार मागे, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

भाऊ : मुलीनं बघितलं?

ताई : सगळे जेवायला वळल्यावर आली जवळ. ड्रेस वरपासून खालपर्यंत बघितला.

भाऊ : आणि? काय म्हणाली?

ताई : बाहीवरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘कुणाकडे शिवलास, आई?’