कुंडलिकरावांनी टाईप न केलेला अर्ज

समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या महिला उद्योजक मंडळाच्या प्रमुख माननीय प्रियदर्शनीताई, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या सासूबाई चंद्रव्वा, ज्यांच्या हातच्या कडक भाकरीवर आमची कंपनी उभी राहिली, आमच्या सगळ्या कामगार भगिनी, आणि ज्यांना या खुर्चीवर बसवायला तिघांनी धरून आणावं लागलं ते आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती श्री. कुंडलिकराव! आपणा सर्वांना महेश्वरीचा मनापासून नमस्कार.

कुंडलिकराव आमच्याकडे नेमके कोण होते, असं पाहुण्यांनी मघाशी विचारलं. आता सांगते. मोठ्या कंपन्यांना कायद्याचा विभाग असतो, कराचा असतो, परवान्यांचा असतो. आमच्याकडे कुंडलिकराव होते.

बावीस वर्षांपूर्वी इथल्याच शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही भाकरी थापून, वाळवून, पुडे करून विकत होतो. धंदा वाढला, तेव्हा विजेची जादा जोडणी हवी होती. माझा अर्ज तीनदा परत आला. चौथ्यांदा मी कचेरीबाहेर टाईपरायटर घेऊन बसणाऱ्या एका गृहस्थांकडे गेले. करकंब गावचे, डोक्याला टोपी, कानावर पेन्सिल. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, "ताई, अर्ज बराबर हाय. कचेरी चुकलीया. तुमची कचेरी पलीकडच्या इमारतीत हाय." तीन खेपांत हे मला कोणीच सांगितलं नव्हतं! पुढच्याच महिन्यात मी त्यांना टाईपरायटरसकट कंपनीत घेऊन आले.

इथं बसलेल्या लहान उद्योजकांना सांगायला नको, आपल्याकडे माल बनवणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे तो बनवायची परवानगी मिळवत राहणं. एक खिडकी योजना म्हणतात, पण त्या खिडकीपाशी पोचेपर्यंत किती दारं लागतात? ती सगळी दारं कुंडलिकरावांनी, आमच्या काकांनी, ओलांडली. कुठल्या साहेबांची बदली झाली, कुठला नकाशा किती प्रतींत लागतो, सगळं तोंडपाठ. मग सगळं संगणकावर आलं, तेव्हा वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी तेही शिकले.

आता एक गोष्ट सांगते. ती आमच्या कंपनीबाहेर आजवर कुणाला सांगितलेली नाही. काका, मान खाली घालू नका.

सहा वर्षांपूर्वीची दिवाळी तोंडावर होती. पुण्याच्या एका दुकान-साखळीची आजवरची सर्वांत मोठी मागणी आम्हाला मिळालेली. औद्योगिक वसाहतीतल्या नव्या शेडमध्ये एकतीस बायका दोन पाळ्यांत कामाला. आणि एका सकाळी काका माझ्या खोलीत आले, दार लावून घेतलं आणि उभेच राहिले.

"ताई, आपला अन्नपरवाना नऊ दिवसांमागं संपलाय."

नूतनीकरणाचा फॉर्म त्यांनी वेळेत भरला होता. मधेच सर्व्हर बंद पडला, पडद्यावर एक क्रमांक आला, त्यांना वाटलं झालं. शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं. म्हणाले, "चूक माझी हाय."

नियम सरळ होता. नवा परवाना हातात येईपर्यंत उत्पादन बंद. मी हबकले. ओळखीच्या एका एजंटाला फोन केला. तो म्हणाला, "मागच्या तारखेचा अर्ज टाईप करून सही द्या, कचेरीतल्या फायलीत सरकवतो. सगळेच करतात की." मला ते पटलं. खरं सांगते, मला ते लगेच पटलं. मी काकांना म्हणाले, "करा टाईप."

"न्हाय जमणार, ताई."

"का?"

"चूक माझी. खोटं तुमच्या सहीनं कशापायी? मी हजारो अर्ज टाईप केलं, तारीख कधी फिरवली न्हाय."

मी ओरडले, "मग उद्यापासून येऊ नका!" त्यांनी टोपी नीट केली, कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि गेले. मी स्वतः अर्ज टाईप केला, सहीही केली.

संध्याकाळी घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना वाचता येत नाही. कागदाकडे बोट दाखवून आधी कानडीत म्हणाल्या, "ओदव्वा," मग मराठीत, "मोठ्यानं वाच." मी वाचू लागले. शेवटची ओळ होती, 'वरील सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे.' ती काही केल्या तोंडातून निघेना. सासूबाई म्हणाल्या, "आता दुसरा लिही."

सकाळी खरा अर्ज घेऊन मी अन्नपरवान्याच्या कचेरीत गेले. रांगेत माझ्या पुढं कोण असावं? आदल्या दिवशी मी कामावरून काढलेले कुंडलिकराव! हातात कागद, त्यावर लिहिलेलं : चूक माझी आहे, कंपनीची नाही. मला पाहून म्हणाले, "तुमी कशाला आलात एवढ्या उन्हात?"

अधिकारी बाईंनी दोन्ही अर्ज वाचले. म्हणाल्या, "स्वतःहून सांगायला आलेलं मी पहिल्यांदाच पाहते आहे." मला वाटलं, आता सवलत मिळेल. मिळाली नाही. दंड पूर्ण लागला आणि शेड सतरा दिवस बंद राहिली. पुण्याची मागणी गेली, ती पुन्हा कधी आली नाही.

त्या सतरा दिवसांत काका एकतीस घरांची पायरी चढले. प्रत्येकीला सांगितलं, काम कशामुळं बंद आहे आणि कुणामुळं. या बाळाबाई समोर बसल्या आहेत, त्यांनी तर दारातच झाडलं, "तुमच्या एका बटणापायी ऐन दिवाळीत आमी घरी बसलो की!" काका म्हणाले, "व्हय." एवढंच. ऐकून घेतलं आणि पुढच्या घरी गेले. शेड उघडली तेव्हा बाळाबाईच पहिल्या आल्या. दोघी मात्र परत आल्या नाहीत, त्यांना दुसरीकडे काम धरावं लागलं होतं. त्याची रुखरुख काकांना आहे, मलाही आहे. खरेपणाचं बक्षीस आम्हाला मिळालं, असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर माझ्या टेबलावर आलेल्या एकाही कागदावर सही करताना माझा हात अडखळला नाही.

कचेरीत भेटलो त्याच्या दुसऱ्या दिवशी काका कामावर आले, तिसऱ्या दिवशी आले, सहा वर्षं येत राहिले. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. सोयीचं होतं ते, माझ्यासाठी.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, ते मी पाहिलं. प्रियदर्शनीताईंचे, पाहुण्यांचे आणि पाळी बदलून इथं आलेल्या भगिनींचे आभार मानते. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल, तर सभेनं उदार मनानं पदरात घ्यावं.

एका चुकीची माफी मात्र सभेकडे मागून भागणार नाही. कुंडलिकराव, 'उद्यापासून येऊ नका' हे माझे शब्द मी कधी परत घेतले नव्हते. तुम्ही आपणहून येत राहिलात, म्हणून मला ते परत घ्यावे लागले नाहीत. उद्यापासून तुम्ही खरंच येणार नाही. म्हणून आज, या सगळ्यांच्या समोर, ते शब्द मी परत घेते. मला क्षमा करा, काका.