मायच्या हातची हळद

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात गिरजाबाई आर्णीच्या मोटारस्टँडवर महागावच्या गाडीसाठी रांगेत उभी होती. तिच्या पुढंच एक विधवा बाई आणि तिचा भाऊ भांडत होते.

“विधवेनं नवरीले हळद लावू नये. तुले ठाऊक नव्हतं, बाई?”

“पोरगी माही हाय! नवरदेवाच्या आत्यानं तिच्या गालावरची हळद पुसली, तवा तू काहून चूप बसला?”

“लगन मोडलं असतं.”

“म्हणून मलेच गावी धाडून राह्यला? पोरगी रडून म्हणे, माय नसली तं मी बोहल्यावर चढत नाही. तुले आयकू नाही आलं?”

गाडी आली.

“चढ, बाई.”

“तूच चढ. मी माह्या पोरीच्या लग्नाले चालली.”

गिरजाबाईनं बाजूला सरून तिला वाट करून दिली.