टायरची हवा

— शी! बोट घाला आत, घाला ना, सडणार नाही हात तुमचा — चिखल आहे नुसता, याला तेल म्हणता? अहो, एसीचा कॉम्प्रेसर हा. एसीत होता तेव्हा गॅसबरोबर तेल फिरून परत यायचं, लाड होते त्याचे. आता तुम्ही जुंपलाय त्याला टायरात हवा भरायला — म्हणजे तेल हवेबरोबर गेलं ते गेलंच, परत कुठून येणार? आपण घालायचं, दर आठवड्याला, मोजून. आणि हवेच्या टाकीखालची तोटी उघडून साचलेलं पाणी सोडायचं. कधी सोडलंत? — वा! बसवल्यापासून एकदाही नाही! किळस येते हो, खरंच किळस येते. असू दे, धुतो, तेल घालतो — अन् हा मास्क कसला नळीला? टाक्या साफ करायला माणूस उतरतो? आणि ह्यातनं श्वास घेतो?

थांबा. 'हवा ती हवाच' हे मला ऐकवू नका, ते माझं वाक्य आहे. माझ्या मेहुण्याला, बहिणीच्या नवऱ्याला, मीच ऐकवलंय. त्याचा हाच धंदा, टाक्या धुण्याचा. नळी मीच जोडून दिली, आणि मशीन जाम होऊ नये म्हणून तेल सढळ हातानं — घरचा माणूस ना! दर आठवड्याला दोन झाकणं जास्तच. तो म्हणायचा, दादा, तोंडाला तेलकट लागतं. मी म्हणायचो, लागू दे, म्हणजे मशीन खूश आहे. खूश! ते तेल कुठं जातंय हे मला ठाऊक नव्हतं? आत्ताच नाही का तुम्हाला सांगितलं, हवेबरोबर जातं म्हणून? टायरला चालतं हो, टायरला कुठं छाती असते!

आता जिना चढताना धाप लागून तीनदा बसतो तो. बहीण एका शब्दानं दोष देत नाही मला, उलट जेवायला बोलावते, गरम पोळी वाढते — तेच गिळवत नाही. मशीनला मात्र काही झालेलं नाही, आजही पहिल्या झटक्यात सुरू होतं.

काय? नळीला गाळणी लावून द्या म्हणता? — नाही. दोन गल्ल्या सोडून एक बसतो, तो देईल लावून, त्याच्याकडे जा. पण ही नळी मी कापतोय — ओरडा, खुशाल ओरडा. कोण उतरतो हो तुमच्याकडे? मजूर?

भाऊ? सख्खा?

उचला हे सगळं. चालते व्हा इथून.