गुंतवळची कोडी आणि उलगडे साहेब

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आपले संपादक महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, छपाईपासून वितरणापर्यंत सर्व विभागांतली मंडळी, रविवारच्या कूटकोड्यापायी चहा गार करून घेणारे वाचक, आणि ज्यांना निरोप देणं आपल्या जिवावर आलंय ते उलगडे साहेब, सर्वांना माझा नमस्कार.

मी औषधाच्या दुकानात काम करते. डॉक्टरांचं अक्षर लावायचं, एवढाच माझा कोड्यांशी संबंध. तरी मला इथे उभं केलंय, कारण 'गुंतवळ' या नावाने रविवारचं कोडं रचणारे गृहस्थ माझे वडील, आणि 'उलगडे' या नावाने पुढच्या रविवारी त्याची उकल लिहिणारे हे आपले साहेब. साहेबांचं खरं आडनाव उलगडे नाही, हे मला आजची पत्रिका पाहून कळलं. आमच्या घरी मात्र ते उलगडेच राहणार.

नव्या मंडळींसाठी थोडं सांगते. या कोड्यात सूत्र कधी सरळ नसतं. 'वेल उलटी चढली की ठेका धरते', अक्षरं दोन. वेल म्हणजे लता. लता उलटी केली की ताल, आणि ठेका म्हणजे तालच. हे सूत्र वडिलांचं. पुढच्या रविवारी ते उलगडून सांगताना साहेबांनी खाली लिहिलं, 'इथे आम्ही हात जोडले.' वडील आठवडाभर तो अंक घेऊन घरात मिरवत होते. आई म्हणाली, "लग्नातसुद्धा एवढे मिरवला नव्हतात."

आणि या दोघांची कधी भेट नाही बरं का! इथला जुना नियमच तसा. रचणाऱ्याने आणि उलगडणाऱ्याने भेटायचं नाही, बोलायचं नाही. साहेबांना फक्त कोडं आणि भरलेले चौकोन मिळायचे. उत्तर कसं निघालं, ते त्यांनी वाचकासारखं आपलं आपण शोधायचं. दोघांतला एक निवृत्त झाला की मग भेटा खुशाल. वडिलांना या नियमाचा केवढा अभिमान! एकदा वाचनालयात साहेब आलेत असं कळलं, तर हे पुस्तक न घेताच मागच्या दाराने घरी.

पण मध्यंतरी वडिलांची सूत्रं बिघडू लागली. 'राजा उलटला की भरतो', अक्षरं तीन, उत्तर बाजार. आता सांगा, राजा उलटा केला तर बाजार कुठून होणार? मला कोड्यातलं कळत नाही, पण एवढं कळतं. मी आईला म्हटलं, "बाबांचं काहीतरी बिनसलंय." आईलाही तसंच वाटत होतं. आम्ही रविवारची वाट पाहिली. साहेबांनी काय लिहावं? राजा हा प्रजेचा बाप, म्हणून 'बा'. राजा उलटला की 'जारा', त्या गडबडीत त्याचा शेवटचा काना गळून पडला, म्हणून 'जार'. झाला बाजार! वडील खूश. आई म्हणाली, "बघ, त्यांना कळलं ना? आपल्यालाच कळत नाही मेलं." आणि आम्ही गप्प बसलो.

असे किती रविवार गेले! दर वेळी वडील चुकायचे आणि दर वेळी साहेब त्यांना सावरायचे. एक दिवस वडील स्वतःच्या गल्लीत घर शोधत फिरताना सापडले, तेव्हा कुठे आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं.

मला साहेबांचा भयंकर राग आला. मंडळी, आज गोड बोलायचा दिवस आहे, पण आला तो आला. मी इथल्या कचेरीत त्यांना फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, इतक्या वर्षांत त्यांचं सूत्र कधी चुकलं नव्हतं. मला वाटायचं, मलाच कळत नाहीये. माझंच वय झालं." फोन ठेवून बराच वेळ रडले.

गुंतवळची कोडी तेव्हाच बंद झाली. वडिलांच्या लेखी मात्र ती अजून चालूच आहेत, कागदावर चौकोन आखून काहीबाही लिहितात. माझं नाव त्यांना आठवेलच असं नाही. नियम मात्र पक्का आठवतो. आज मी त्यांना इथपर्यंत आणलं, पण दाराशी आल्यावर म्हणाले, "उलगडे आत आहेत ना? मग मला जाता येणार नाही." ते बाहेर व्हरांड्यात बसलेत.

साहेब, तुमचा सत्कार झाला की तुम्ही निवृत्त. मग जरा बाहेर या. फार उशीर झालाय, तुम्ही कोण ते त्यांना कळेल की नाही सांगता येत नाही. ते तुमच्या हातात कागद देतील. त्यावरच्या सूत्राला उत्तर नसेल. तेव्हा तुम्ही सावरून घ्यायला नको होतं, हे मी आजही म्हणते. आज मात्र घ्या. काहीतरी जुळवा, आणि त्यांना उलगडून सांगा.

मला बोलू दिलंत, आपल्या सर्वांचे आभार. माझं काही चुकलंमाकलं असेल तर ते आपण पोटात घालावं. वडिलांचं साहेब घालतील.