सयाजीअण्णा स्वतःहून गेले नव्हते

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सगळ्यांचे हक्काचे ग्रंथपाल माननीय शेखर काळजे सर, व्यासपीठावरचे आपले सत्कारमूर्ती आदरणीय सयाजीअण्णा तापकीर, त्यांच्या शेजारी बसलेल्या आदरणीय रुक्मिणीबाई, नाशिकहून आलेल्या त्यांच्या कन्या प्राजक्ताताई, आज रविवारी हे सभागृह आपल्याला देणारे चऱ्होलीच्या या सोसायटीचे पदाधिकारी, आणि ‘काय वाचताय राव’ या आपल्या ग्रुपचे इथे जमलेले आणि शिफ्ट असल्यामुळे फोनवरून ऐकणारे माझे वाचक बंधुभगिनी, आपणा सर्वांना माझा जय भीम आणि नमस्कार.

मी मैत्री सोनवणे. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात काम करते आणि गेली सात वर्षं आपल्या ग्रुपची ॲडमिन आहे. मला पाच मिनिटं दिली आहेत. थोडी जास्त घेईन, अध्यक्षांनी रागावू नये.

माझ्याआधी चार जण अण्णांविषयी फार आपुलकीने बोलले. त्यातल्या दोघांच्या बोलण्यात एक वाक्य आलं, की गेल्या वर्षी प्रकृतीच्या कारणाने अण्णांनी ग्रुपमधून विश्रांती घेतली. निमंत्रणपत्रिकेवरही तसंच छापलंय. पत्रिकेचा मजकूर मीच तपासला होता. तपासला आणि तसाच जाऊ दिला. ती चूक दुरुस्त करण्यासाठी मी इथे उभी आहे. अण्णांनी विश्रांती घेतली नव्हती. त्यांना मी काढलं होतं.

नव्या सभासदांसाठी आधी थोडं सांगते. अण्णा याच गावचे. कासारवाडीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांनी बत्तीस वर्षं नोकरी केली. चऱ्होलीहून सायकलने जायचे आणि डब्याच्या पिशवीत पुस्तक असायचं. आपला ग्रुप निघाला तेव्हा आपण सगळे काय करायचो? कुणी विचारलं, काय वाचू, की आपल्याला आवडलेल्या पुस्तकाचं नाव टाकून मोकळे. अण्णा तसे नव्हते. ते विचारणाऱ्याला फोन करायचे. झोप लागती का? कामावर उभं राहावं लागतं का बसून? घरात कोण आजारी हाय का? मग दोन दिवसांनी एका पुस्तकाचं नाव सांगायचे, एकाच. इथे बसलेल्या किती जणांना तो फोन आला होता? हात वर करू नका, मला मोजवणार नाहीत.

मला तो फोन चार वर्षांपूर्वी आला. माझे वडील भीमराज भोसरीच्या फाउंड्रीत होते. ते गेले त्याच्या विसाव्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं, की एक ओळ वाचवत नाही, काय करू. अण्णांनी फोनवर एवढंच विचारलं, की वडील वाचायचे का. मी म्हटलं, पेपर वाचायचे, मोठ्याने, सगळ्या घराला ऐकू जाईल असा. तिसऱ्या दिवशी ते आळंदीहून बसने चाकणला आले आणि शिफ्ट सुटेपर्यंत आमच्या कंपनीच्या गेटवर उभे राहिले. सिक्युरिटीवाल्याने खुर्ची दिली, तरी बसले नाहीत. माझ्या हातात एक पुस्तक दिलं. विहिरी खणणाऱ्या एका माणसाची कादंबरी, एकशे चाळीस पानांची. तिचं नाव मी इथे घेत नाही. त्या नावाची ग्रुपवर पुरेशी थट्टा झालेली आहे.

ते म्हणाले, “पोरी, पहिली वीस पानं रटाळ हायेत. दम धर. आन मोठ्यानं वाच, घरात ऐकू जाऊ दे.”

मी मोठ्याने वाचलं. शेजारच्या खोलीत माझी आई, भिमाबाई, भिंतीला टेकून ऐकत बसायची. त्या पुस्तकाने आमच्या घरात पुन्हा आवाज आला, एवढंच सांगते. वाचून झाल्यावर मी ते अण्णांना परत केलं.

आता गेल्या वर्षीचं. ग्रुप सहाशेच्या वर गेला होता. तीच तीच पुस्तकं पुन्हा येतात अशी तक्रार होती, म्हणून मी नियम केला : एक पुस्तक एकदाच, पुन्हा सुचवायचं नाही. यादी मी ठेवत होते. कंपनीत दिवसभर नाकारलेला माल बाजूला काढायचा आणि बसमध्ये बसून ग्रुपवरचे नको ते मेसेज बाजूला काढायचे. हाताला सवय लागते.

जुलैमध्ये कुणीतरी प्रवासावरचं पुस्तक विचारलं. अण्णांनी ती विहिरीची कादंबरी सुचवली. पुढच्या आठवड्यात एका आईने सात वर्षांच्या मुलीसाठी गोष्टी मागितल्या. अण्णांनी पुन्हा तीच सुचवली. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एकालाही तीच. फोन नाही, विचारपूस नाही, नुसतं नाव. लोक हसायला लागले. कुणीतरी त्या मुखपृष्ठाचं स्टिकर केलं. कुणी काहीही विचारलं, की दहा जण ते स्टिकर टाकायचे. मी ते थांबवलं का? नाही. दोनदा मीही हसले.

मग मी सगळ्यांसमोर लिहिलं, “अण्णा, नियम सगळ्यांना सारखा आहे. हे पुस्तक आता पुरे.” त्यांचं उत्तर लगेच आलं, “चुकलं. पुन्हा होणार नाही.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तेच पुस्तक पुन्हा सुचवलं. मला वाटलं, म्हातारा मुद्दाम करतोय. मला वाटलं, हा माझा अपमान आहे.

आपले दुसरे ॲडमिन संघर्ष कांबळे इथे बसले आहेत. त्यांनी त्या दिवशी मला फोन केला होता. ते म्हणाले, “ताई, काढायच्या आधी एकदा फोन करून बघू ना. अण्णा असं करणारे नाहीत.” मी म्हटलं, माझं ऑडिट चालू आहे, मला वेळ नाही. ऑडिट खरंच चालू होतं. पण नंबर दाबायला किती वेळ लागतो? जेवढा माणसाला काढायला लागतो तेवढाच. पाच ऑगस्टला, जेवणाच्या सुट्टीत, मी अण्णांना ग्रुपमधून काढलं. मग डबा खाल्ला.

पुढचे पाच महिने मी त्यांची चौकशी केली नाही. रागावले असतील, येतील आपणहून, असं म्हणत राहिले.

जानेवारीत रुक्मिणीबाईंचा फोन आला. त्यांनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही. एवढंच म्हणाल्या, की आमी आता लेकीकडं नाशिकला जायाचं बघतोय, सामान आवरतीय, तुमच्या नावाचं एक पुस्तक इथं राह्यलंय, तेवढं घेऊन जा. त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. पुढचं सगळं मला त्यांनी चुलीपुढच्या गप्पांसारखं, शांतपणे सांगितलं. त्यांची परवानगी घेऊनच मी ते इथे सांगते आहे.

अण्णांची स्मृती दोन वर्षांपासून जात होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाचन सोडू देऊ नका, चार लोकांत राहू द्या. पाय दुखत असल्यामुळे लांबचं जाणं-येणं थांबलं होतं. चार लोक म्हणजे आपला ग्रुप. अण्णांनी घरच्यांना बजावलं होतं, ग्रुपवर कुणाला सांगू नका, लोक मग पुस्तक विचारायचे न्हाईत.

मी रुक्मिणीबाईंना विचारलं, तेच एक पुस्तक का? त्या म्हणाल्या, “बाकीची निसटली, बाई. सकाळी वाचलेलं दुपारी ऱ्हात नव्हतं. ह्येच एक अख्खं ध्यानात होतं. म्हनून जो मागंल त्याला त्येच देत होते. जवळ दुसरं काय होतं द्यायला?”

क्षमा करा. एक घोट पाणी घेते.

मी काढल्यावर अण्णांना काय झालं ते कळलंच नाही. त्यांच्या फोनची भाषा इंग्रजी. मेसेज जात नाही, एवढंच दिसायचं. त्यांना वाटलं, फोन बिघडला. आळंदी रस्त्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात ते तीनदा गेले. दुकानदाराने दोनदा फोन बंद करून चालू करून दिला. तिसऱ्यांदा त्याने नीट बघितलं आणि सांगितलं, काका, फोनला काही झालेलं नाही, तुम्हाला ग्रुपमधून काढून टाकलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, रुक्मिणीबाई दळण आणायला गेल्या असताना, अण्णा पिशवी घेऊन घराबाहेर पडले. मला भेटायला. चाकणचं ते गेट त्यांच्या लक्षात होतं, रस्ता नव्हता. चाकणला जायचं तर आळंदीची बस धरायची. ते उलट्या दिशेला, भोसरीकडे गेले. बत्तीस वर्षं ज्या रस्त्याने ड्युटीवर गेले, पाय त्याच रस्त्याला लागले. घरचे आणि शेजारचे दिवसभर शोधत होते. संध्याकाळी सहाला कासारवाडी स्टेशनवरून एका रेल्वे कर्मचाऱ्याचा फोन आला. त्याला पिशवीतल्या पुस्तकावर घरचा नंबर सापडला होता. अण्णा दुपारपासून बाकावर बसून होते. कुठे जायचंय विचारलं तर सांगत होते, चाकणची गाडी येऊ द्या, मॅडमची माफी मागायचीय. चाकणला रेल्वे जात नाही, हे आपल्या भागात कुणाला सांगावं लागतं का?

ते पुस्तक तेच होतं. रुक्मिणीबाईंनी ते माझ्या हातात दिलं. पहिल्या कोऱ्या पानावर लिहिलं होतं, “मैत्री मॅडम, चुकलं. पुन्हा होणार नाही.” खाली, वेगळ्या शाईत, पुन्हा तेच. त्याच्याखाली पेन्सिलीने तिसऱ्यांदा. आधीचं लिहिलेलं आठवलं नसेल, किंवा पुरेसं वाटलं नसेल. मला इतकी वर्षं ते पोरी म्हणत होते. त्या पानावर मी मॅडम झाले होते.

कासारवाडीहून आल्यापासून अण्णांची तब्येत झपाट्याने उतरली, असं प्राजक्ताताई म्हणतात. त्या पुढे असंही म्हणाल्या, की ते होणारच होतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. प्राजक्ताताई, तुमचा मोठेपणा मी मानते. तुमचं म्हणणं मात्र मला मानता येत नाही.

त्या रविवारी मी त्यांच्यासमोर बसून त्यांना ग्रुपमध्ये परत घेतलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा धरला आणि रुक्मिणीबाईंना विचारलं, “ह्यो कुणाचा?”

तेव्हापासून मी दर रविवारी जाते आहे. ती कादंबरी त्यांना वाचून दाखवते. आमची आईही दोनदा आली होती. वाचून झालं की मी माफी मागते. अण्णा दर वेळी माफ करतात आणि पुढच्या रविवारपर्यंत विसरतात. मग मला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. मला वाटलं होतं, माफी मिळाली की ओझं उतरेल. पण ज्याने माफ केलं त्यालाच ते आठवत नसेल, तर मिळालेली माफी ठेवायची कुठे?

मार्चमधल्या एका रविवारी मला माझं नाव घेववेना. मी नुसतं म्हटलं, एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना ग्रुपमधल्या एका बाईने चार लोकांत लाज आणून काढून टाकलं. अण्णांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तिची बी काय अडचण असंल. माणूस माणसाला उगाच तोडत न्हाई.” आणि माझ्या डोळ्यांत पाणी बघून त्यांनी मला विचारलं, “तुमच्या कोन लागत होत्या का त्या?”

मी हो म्हणाले.

मंडळी, अण्णांचा अपमान मी सहाशे माणसांसमोर केला होता आणि माफी चार भिंतींत मागत होते. हे बरोबर नव्हतं, म्हणून आज उभी राहिले. परवा अण्णा आणि रुक्मिणीबाई नाशिकला जातील. पुढच्या रविवारी मी काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही. ॲडमिनपद मी आजपासून सोडते आहे. संघर्षभाऊ ते सांभाळतील. ते काढायच्या आधी फोन करतात.

आत्ता अण्णा माझ्याकडे बघून हसतायत. त्यांना वाटतंय, पोरगी छान बोलतीय. मघाशी तुम्ही टाळ्या वाजवल्यात तेव्हा त्यांनीही वाजवल्या. माझी एक विनंती आहे, माझं झाल्यावर टाळ्या वाजवू नका. नाहीतर तेही वाजवतील, आणि ते मला बघवणार नाही.

अध्यक्ष महाराजांनी आणि आपण सर्वांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे. सोसायटीचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे, आत चहा करणाऱ्या भगिनींचे मनापासून आभार. रुक्मिणीबाई, तुम्ही मला दर रविवारी दार उघडलंत, त्याबद्दल आभार हा शब्द मला पुरत नाही.

बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर सांभाळून घ्या. वागण्यात जे झालं ते मात्र सांभाळून घेऊ नका. अण्णांना ते आता आठवत नाही. तेव्हा ते आठवणीत ठेवायचं काम आपलं, आणि सगळ्यांत आधी माझं.

अण्णा, मी मैत्री. माझं चुकलं.