तेराव्या मजल्यावरची टाच

—नाही नाही, तिथं नका ठेवू, खिडकीपाशी ठेवा तुमचं आवाज मोजायचं यंत्र, खरा आवाज तिथं येतो. बसा खालीच, फरशी खालून तापवलेली आहे. जवाचा चहा घ्या. कोर्टानं पाठवलेल्या माणसाला चहा पाजला तर लाच होते का? नाही ना? मग घ्या. अख्खी इमारत बिल्डरवर दावा लावून बसलीय, पण भोगलं कुणी? मी भोगलं! बाकीच्यांची कुठं भिंत ओली, कुठं खिडकी लागत नाही, बस. फरशीखाली आवाज गिळणारा जाड थर घालायचा होता, तो त्या चोरांनी घातलाच नाही म्हणतात — नसेल घातला, मरोत मेले — पण थर नाही म्हणून माणसानं टाचा आपटत चालायचं? तेराशे दोन आपटायचा. नाव बान गी-हून, पण इथं नावानं कोण ओळखतं, ज्याच्या त्याच्या दाराचा नंबर. मी बाराशे दोन, तो माझ्या डोक्यावर.

राहायला आला तेव्हा रीतीप्रमाणे लाल चवळीचे तांदळाचे केक वाटले त्यानं दारोदार. मलाही दिले, वर कमरेत वाकून म्हणतो, "आजी, आमचा काही त्रास झाला तर सांगा हं." सांगितलं की! वॉचमनकडून सांगितलं, फोनवर सांगितलं, छताला ठोकून सांगितलं. ते बघा, छताचा कागद फाटलाय ना, तिथं. आईचं धोपाटणं आहे माझ्याकडे, कपडे ठोकायचं — म्हणजे होतं, आता पोलिसांकडे आहे. वर गेले त्या दिवशीही ठोकतच होते, म्हणून ते हातात होतं. मुद्दाम नेलं म्हणतो तो सरकारी वकील. खोटं! मी बोलायलाच गेले होते, लिफ्टचीसुद्धा वाट न बघता जिन्यानं गेले. दार उघडलं आणि हसला मेला. हसला म्हणजे — वाकला, माफी मागायला. म्हणतो, "आजी, आम्ही तर झोपलो होतो." मग काय करणार मी? एकदा मारलं. गुडघ्यावर. पडला. मग टाचांवर — दोन्ही, हो, दोन्ही टाचांवर — आवाज जिथून येतो तिथंच नको का मारायला? कडकन मोडलं काहीतरी, बरं वाटलं, खरं सांगते, किती दिवसांनी मला बरं वाटलं! बायको किंचाळत होती, तिलाही म्हटलं, तुझाही नंबर लावते थांब. आणि लबाडी बघा, घरभर गाद्या अंथरलेल्या, पायात लोकरीच्या जाड सपाता. मला फसवायला! तो रक्तात लोळत होता तरी माझ्या कानात धप्प धप्प चालूच. डोकं तापलं की होतं तसं, होतं ना?

गेले ते घर सोडून. कुबड्या घेऊन चालतो म्हणे. पण येतात अजून, गुपचूप येतात, नाचतात आणि जातात. पोलीस म्हणतात कुलूप आहे. पोलिसांना कान आहेत का? आता माझ्या खटल्याचा निकाल तोंडावर आलाय. माझा वकील म्हणाला, आवाज वरूनच यायचा एवढं तुमच्या अहवालात आलं, तर न्यायाधीश समजून घेतील, तुरुंग टळेल. या वयात आत गेले तर मी जिवंत बाहेर येत नाही, साहेब. तुमच्या एका ओळीवर माझा जीव आहे.

श्श! ऐकलंत? परत! काटा हलला ना? हाच! अगदी हाच, ह्याच त्याच्या टाचा! लिहा, लिहा पटकन. तुमचा तो दुसरा माणूस आवाज तपासायला चेंडू टाकतोय ना वर? बघा, मी वेडी नाही. कुलूप कुणी उघडून दिलं त्याला?

नाही? मग कुठं टाकतोय? नऊशे एकमध्ये? खाली? काहीतरीच काय, खालून आवाज डोक्यावर कसा येईल? फोन लावा त्याला. थांब म्हणावं. थांबला? हं. आता टाक म्हणावं.

...

पुन्हा एकदा.

...

म्हणजे कुणाचाही आवाज माझ्या डोक्यावर. कुणीही, कुठंही. हे लिहिणार तुम्ही? हे लिहिलंत की अख्खी इमारत दावा जिंकणार, आनंदानं दारोदार केक वाटतील, आणि मी? तो झोपला होता म्हणाला. वाकला होता, अहो, माझ्यापुढं वाकला होता — नका बघू माझ्याकडे असं. उठा. उचला ते यंत्र. चहा राहू द्या. चालते व्हा माझ्या घरातून, आणि जाताना दार आपटू नका.