भिंतीपलीकडचा चाहता

आदरणीय अध्यक्ष महोदय, आमच्या करारी प्राचार्याबाई, व्यासपीठावरचे मान्यवर, जिच्यासाठी हा सगळा थाट आहे ती आपली विजेती मुलींची हॉकी टीम, आणि मागच्या रांगेत बसून 'हा दातांचा डॉक्टर कधी आवरतोय' असं एकमेकांना विचारणारे रसिकहो,

अध्यक्षांनी आत्ताच माझी ओळख 'संघाचा सर्वांत मोठा चाहता' अशी करून दिली. आभारी आहे. पण खरं सांगू? ज्या स्पर्धेचा हा करंडक, तिच्यातला अगदी शेवटचा तुकडा सोडला तर मी एकही चेंडू पाहिलेला नाही! हसू नका, मला बंदी होती.

झालं असं, की माझी भाची या संघाची गोलरक्षक. कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आली आणि मला हॉकीचं वेड लावलं. मी प्रत्येक सामन्याला हजर, आणि संघ प्रत्येक सामन्यात पराभूत! एकदा मी पाणी प्यायला उठलो, तेवढ्यात आपला गोल झाला. परत येऊन टेकतो न टेकतो, तर समोरच्यांचा! कर्णधारबाईंनी (त्या पाहा, आता मान खाली घालून बसल्यात) लगेच निष्कर्ष काढला. यंदाची स्पर्धा सुरू व्हायच्या आधी दवाखान्यात आल्या, खुर्चीत बसल्या आणि मी 'आ करा' म्हणायच्या आत म्हणाल्या, "काका, तुमच्याएवढी माया आमच्यावर कुणी करत नाही. म्हणूनच हात जोडून सांगते, येऊ नका."

मग काय! मैदानाच्या भिंतीबाहेर, सायकली लावतात तिथे उभा राहू लागलो. आत आमच्या गृहमंत्री, फोनवरून वर्णन करायला.

"अहो, एक पोरगी पडली."

"कुणाची?"

"मला काय ठाऊक! दिसायला गोड आहे."

"अगं, चेंडू कुठाय?"

"तो तर मघापासून दिसलाच नाही बाई."

माझा जीव टांगणीला! पण संघ जिंकत गेला आणि माझी पनवती जवळजवळ सिद्धच झाली. वाईट वाटायचं हो. यंदा भाचीचं शेवटचं वर्ष. घरी आली की प्रत्येक अडवलेला फटका ती मला जेवणाच्या टेबलावर वाटी-चमच्यानं करून दाखवायची. मी 'वा वा' म्हणायचो, पण बघणं ते बघणंच.

अंतिम सामन्यात बरोबरी झाली. आता एकेका मुलीनं एकटीनं चेंडू घेऊन गोलरक्षकावर चालून जायचं. तेवढ्यात आमची ही धापा टाकत फाटकाशी.

"अहो, चला लवकर! पोरगी हेल्मेट घालेना. मामाला आत आणा म्हणतेय."

"वेड लागलंय का तिला? माझ्यामुळे करंडक जाईल!"

"ते तिलाच सांगा."

आत गेलो. कर्णधारबाईंचा चेहरा दाढ काढायला आलेल्या पेशंटसारखा. भाची त्यांना ठणकावून सांगत होती, "हा माझा शेवटचा सामना आहे. मामानं बघितलं नाही, तर तो करंडक घेऊन मी करू काय?"

समोरची पहिलीच मुलगी आली आणि गोल! अख्खं मैदान वळून माझ्याकडे बघायला लागलं. मी मुकाट्यानं उठलो. तर गोलजाळीतून आरोळी आली, "मामा, खाली बस! हललास तर बघ!" बसलो बापडा. हिनं माझा शर्ट मागून घट्ट धरून ठेवला.

मग आपल्या मुलींनी सावरून घेतलं. शेवटी आपण एका गोलनं पुढे आणि त्यांची एकच मुलगी उरलेली. ती आली, तिनं भाचीला डावीकडे झुलवलं, चेंडू उजवीकडे सरकवला. संपलं, म्हटलं मी. डोळे मिटणार होतो, पण नाही मिटले. आमची पोर आडवी झेपावली आणि चेंडू तिच्या पायाला लागून बाहेर! पुढचा जल्लोष मला धड दिसलाच नाही, कारण डोळे भरून आले होते.

नंतर कर्णधारबाई आल्या. "काका, चुकलं आमचं," म्हणाल्या. मी म्हटलं, "अगं, मी पनवती आहे असं मलाही वाटतच होतं."

मुलींनो, अगदी मनापासून अभिनंदन. प्रशिक्षक सरांचे, प्राचार्याबाईंचे आणि मला इथे आत बसू देणाऱ्या आयोजकांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाला काही लागलं असेल, तर आपलंच माणूस म्हणून पोटात घाला.

आणि पोरी, पुढच्या आठवड्यात तू नोकरीसाठी दुसऱ्या गावी निघालीस. तिथे एखाद्या संघात जागा मिळाली की कळव. मी येईन. तू हरत असलीस, तरी शेवटपर्यंत बसेन.